धागा दिसत होता

वडगावात आमचा टीव्ही मागांच्या खोलीत होता,
चौदा इंची, बॉबिनच्या रिकाम्या खोक्यावर,
कारण प्लग तिथंच होता.
शनिवारी साडेचारला तो हेडमास्तर लागायचा,
शिंक आली की अदृश्य होणारा.

आधी चिमूटभर तपकीर, मग तोंड वेडंवाकडं,
मग आऽ, आऽऽ,
आणि उरायची नुसती टोपी
व्हरांड्यातून डुलत निघालेली,
चोरांच्या मागं, उनाड पोरांच्या मागं,
एकदा तर म्हशीच्या मागं. का ते आठवत नाही.

तो काय बोलायचा ते मला कधी कळलंच नाही.
चार माग एकदम, खटाक् खटाक् खटाक्,
आणि माग थांबले म्हणजे करंट गेला,
करंट गेला म्हणजे हेडमास्तरही गेला,
काचेच्या मधोमध पांढरा ठिपका होऊन.
ऐकू यायची सोयच नव्हती.

म्हणून गुरुसिद्ध हेडमास्तरचं बोलायचा, कन्नडात,
मी शिपायाचं, मराठीत,
दोघंही बेंबीच्या देठापासून, मागांच्या वर आवाज काढून.
"एल्ली होगिद्दी लेऽ?"
"हितंच हाय की ओ सर! तुमीच दिसंना झालाय!"
वत्सी आमची धाकटी. तिला दोन्ही कळायचं,
ती दोनदा हसायची.

आण्णा टीव्हीकडं बघत नसत.
एकदाच, तुटलेला ताणा गाठून मान वर केली,
टोपी तेव्हा खिडकीबाहेर निघाली होती.
पुढं वाकले. डोळे बारीक केले.
"ऐंशी नंबर. दुहेरी पीळ."
आणि परत मागाकडं.
आई म्हणाली, "भिंत पांढरी हाय न्हवं,
मग काळा धागा कशाला घेटलाय त्यानं?"

तोवर आम्हाला धागा दिसला नव्हता.
नंतर दुसरं काही दिसेना.
टोपीचा, डस्टरचा, उडत्या वडापावचा,
आणि फ्रेमच्या वर, नक्कीच शिडीवर उभा,
जीभ दातात धरून टोपी चालवणारा कुणीतरी बुटका.
वाईट नाही वाटलं, उलट छाती फुगली.
आमच्या घरात असतं ते टीव्हीत होतं.

शिंकाही होत्याच आमच्याकडं, दिवसभर,
नाकात कापसाचं तूस.
आण्णा एका दमात सात सात शिंकायचे
आणि आम्ही तिघं टक लावून बघायचो.
दिसतच राहायचे.

परवा रात्री फोनवर त्याचे चार भाग सापडले.
कुणी तरी जुन्या कॅसेटीवरून उतरवलेले.
घर एकदम शांत. मी आवाज पुरता वाढवला.
हेडमास्तर म्हणाला, वेळेवर शाळेत यावं.
म्हणाला, दात दोनदा घासावेत.
शिपाई म्हणाला, होय सर.
एवढंच!
चार वर्षं आम्ही तिथं काय काय बोलून ठेवलं होतं,
आणि ह्यांचं हे.

प्रिंट इतकी पुसट, की धागा दिसतच नाही.
टोपी आपली आपणच तरंगते.
मी मागं नेलं, थांबवलं, दोन बोटांनी ताणून मोठं केलं.
नाही.
माग भंगारात वजनावर गेले त्या दिवशीही
मी एवढा बारकाईनं काही शोधलं नव्हतं.

गुरुसिद्धला पाठवलं. तो गोकाकात पंप दुरुस्त करतो,
सहा वर्षं आमचं बोलणं नाही,
भांडण वगैरे काही नव्हतं, राहिलं ते राहिलं.
दीडला त्याचा आवाज आला, अकरा सेकंदांचा.
आधी कुत्रं भुंकलं, मग खोकला,
मग चार माग मागं चालू असल्यासारखा
तो ओरडला,
"एल्ली होगिद्दी लेऽऽ?"

बायको दचकून उठली.
"कोण ओ, एवढ्या रात्री?"
"हेडमास्तर," मी म्हटलं,
आणि उत्तर द्यायला परसात गेलो,
कारण ते हळू आवाजात म्हणता येत नाही.